अपार्थाची हौस

पोटाचा उद्योग एक आणि कीर्ति दुसऱ्याच उद्योगाची, अशीं माणसें वाङ्मयाच्या इतिहासांत पुष्कळ सांपडतात. परंतु ज्या कामास मनुष्य जन्मभर खेळ समजला तेंच त्याच्यामागें उरावें, आणि ज्यासाठीं त्यानें रक्ताचें पाणी केलें तें थोड्या जाणकारांच्या संग्रहांत जाऊन पडावें, हा प्रकार एडवर्ड लिअर या इंग्रज गृहस्थाच्या बाबतींत जितका निर्भेळ घडला तितका दुसऱ्या कोणाच्या बाबतींत घडल्याचें आमच्या आढळांत नाहीं. लिअर स्वतःस देखाव्यांचा चित्रकार म्हणवीत असे. इटली, ग्रीस, आल्बानिया, ईजिप्त, पॅलेस्टाइन इतके देश त्यानें पायांखालीं घातले, हजारों रेखाटनें केलीं आणि त्यांवरून चित्रें करून तीं धनिकांस विकलीं. मधल्या वेळांत, बहुधा कोणा तरी मित्राच्या मुलांसाठीं, तो वेडीं पद्यें जुळवी व त्यांच्या शेजारीं तशींच वेडींवांकडीं चित्रें काढी. त्याच्या जलरंगांची किंमत अलीकडे ओळखली जाऊं लागली आहे हें खरें. पण त्याचें घुबड आणि त्याची मांजरी यांना ओळखणाऱ्यांच्या मानानें ते रसिक मूठभरच. (शेक्सपिअरच्या दुर्दैवी राजाशीं या लिअरचा नांवापुरताच संबंध आहे, हें आम्हांस वर्गांत दरवर्षीं सांगावें लागतें.)

त्याचा जन्म १२ मे १८१२ रोजीं लंडनजवळ होलोवे येथें झाला. बाप शेअरबाजारांतला दलाल. एकवीस भावंडांत हा विसावा. बापाची स्थिति खालावल्यावर, एकवीस वर्षांनीं मोठी असलेली बहीण ॲन हिनेंच त्याला आईच्या मायेनें वाढविलें. पांचसहा वर्षांचा असल्यापासून त्याला अपस्माराचे झटके येत. तें दुखणें त्यानें आयुष्यभर लोकांपासून लपविलें. रोजनिशींत मात्र झटका आला कीं त्या तारखेवर तो फुलीची खूण करी. पंधरासोळाव्या वर्षीं चित्रें काढून पोट भरण्याचा प्रसंग आला. १८३० ते १८३२ या काळांत त्यानें पोपटांच्या चित्रांचा मोठा ग्रंथ काढला, आणि त्यामुळें नोस्ली येथील डर्बी घराण्याच्या खासगी प्राणिसंग्रहांतील जनावरें रंगविण्याचें काम त्याला मिळालें. दिवसा जनावरें रंगवावीं आणि उरलेल्या वेळीं त्या वाड्यांतल्या मुलांच्या घोळक्यांत बसून पद्यें जुळवावीं, असा क्रम तेथें सुरू झाला. १८४६ सालीं त्या पद्यांचें पुस्तक निघालें, तें टोपणनांवानें. त्याच वर्षीं त्यानें व्हिक्टोरिया राणीस चित्रकलेचे धडे दिले. १८६१ च्या वाढीव आवृत्तीवर त्याचें स्वतःचें नांव आलें, तरी लोकांस तें खरें वाटेना. आगगाडींत एक गृहस्थ शेजाऱ्यांस ठासून सांगत होते कीं, लिअर म्हणून कोणी मनुष्यच नाहीं. हीं पद्यें डर्बीच्या अर्लचींच आहेत आणि 'अर्ल' या शब्दाचीं इंग्रजी अक्षरें उलटसुलट करून 'लिअर' हें नांव बनविलें आहे. तेव्हां कोपऱ्यांत बसलेल्या लिअरला आपली टोपी व हातरुमाल यांवरचें नांव दाखवून आपलें अस्तित्व सिद्ध करावें लागलें! ही हकीकत त्यानेंच १८७२ च्या आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेंत दिली आहे.

पण चरित्र हा आमचा आजचा विषय नाहीं. आम्हांस विचार करावयाचा आहे तो या हौसेच्या योग्यतेचा. आमच्याकडे विनोदाला मान मिळाला तो बराचसा शस्त्र म्हणून. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं 'सुदाम्याचे पोहे' वाटले ते समाजाच्या खुळ्या समजुतींचें पोट बिघडावें म्हणून, आणि तें योग्यच केलें. परंतु तेव्हांपासून विनोदाला 'तुझें काम काय?' असें विचारण्याची आम्हांस संवय लागली. ज्या विनोदाला कोणाची खोड मोडावयाची नाहीं, कोणता पक्ष जिंकावयाचा नाहीं, असा विनोद सुशिक्षित घरांत फार तर मुलांच्या खोलींत बसूं देतात. दिवाणखान्यांत त्याला खुर्ची नाहीं.

आमचे प्राचीन शास्त्रकार या बाबतींत आमच्यापेक्षां उदार होते. भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत हास्याचीं कारणें सांगतांना विकृत वेष, धिटाई इत्यादिकांच्या रांगेंत 'असत्प्रलाप' यालाहि जागा दिली आहे. दंडीनें काव्यादर्शांत दोषांची मोजदाद करतांना पहिलाच दोष सांगितला तो 'अपार्थ', म्हणजे सुटीं पदें अर्थपूर्ण असून सबंध वाक्याचा कांहींच अर्थ न होणें. पण लगेच तो सूट देतो कीं, मद्यपी, वेडा आणि मूल यांच्या तोंडीं हा दोष दोष राहत नाहीं. वैयाकरणांचें या प्रकाराचें उदाहरण तर मोठें गमतीचें आहे. पतंजलीनें महाभाष्यांत असंबद्ध पदांचा मासला म्हणून दहा डाळिंबें, सहा अपूप, एक कुंड आणि एक बोकडाचें कातडें एका रांगेंत मांडून ठेविलें आहे. वाक्य होत नाहीं हें दाखविण्यासाठीं त्यानें ही यादी केली. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें त्या वस्तु उभ्या राहतातच, आणि एवढा बाजार घेऊन हा मनुष्य निघाला तरी कोठें, अशी शंका आल्यावांचून राहत नाहीं.

लिअरचें काव्य नेमकें त्या शंकेंतून जन्मास येतें. त्याचे 'जंब्ली' नांवाचे लोक, ज्यांचीं डोकीं हिरवीं व हात निळे, चाळणींत बसून समुद्रावर जातात. शीड म्हणून हिरव्या रंगाचा बुरखा, डोलकाठी म्हणून तंबाकूची चिलीम. पाणी आंत येऊं लागल्यावर ते पायांना गुलाबी कागद गुंडाळतात आणि रात्र एका मातीच्या बरणींत काढतात. पलीकडच्या किनाऱ्यावर ते खरेदी करतात ती अशी : एक घुबड, एक उपयुक्त गाडी, एक पौंड तांदूळ, एक गोड वडी, मधमाशांचें पोळें, एक डुक्कर आणि आणखी पुष्कळ कांहीं. येथें कारागिरी कोठें आहे ती वाचकांनीं पाहावी. गाडी नुसती गाडी नाहीं, 'उपयुक्त' आहे. तांदूळ बरोबर एक पौंड आहेत. सगळा व्यवहार वेडा असतांना एखादी वस्तु मात्र वाण्याच्या वहीइतकी काटेकोर. पतंजलीच्या यादींतहि डाळिंबें दहाच आणि अपूप सहाच आहेत, अकरा किंवा सात नाहींत. निरर्थकाला आंकड्याचा टेंकू लागतो. जेथें आंकडा व मोजमाप नसतें तेथें निरर्थक हें नुसतें धुकें होतें, आणि धुक्याला कोणी हंसत नाहीं. लिअरचें अनुकरण करूं पाहणाऱ्या बहुतेकांचें येथेंच चुकतें. त्यांना वाटतें कीं, वाटेल तें लिहिलें कीं झालें.

त्याच्या गीतांच्या मानानें त्याचीं लहान पद्यें, ज्यांस त्याच्या मृत्यूनंतर 'लिमरिक' हें नांव रूढ झालें, आम्हांस डाव्या प्रतीचीं वाटतात. तो घाट त्यानें शोधून काढलेला नव्हे. १८२० च्या सुमाराच्या मुलांच्या पुस्तकांतून तो सांपडतो. पांच चरण, पहिला, दुसरा व पांचवा एका यमकाचे, तिसरा व चौथा आंखूड. अमक्या गांवीं एक म्हातारा होता, त्यानें असें असें केलें, आणि शेवटीं पुन्हां त्याच गांवाचें नांव. अशीं दोनशेंवर पद्यें त्यानें प्रसिद्ध केलीं. वीस एका बैठकींत वाचलीं तर एकविसावें वाचवत नाहीं. पुढच्या लिमरिककारांनीं शेवटच्या चरणांत कलाटणी आणली. लिअर तेथें पहिल्याच शब्दावर येऊन थबकतो. तरीहि त्यांतलीं कांहीं मजेदार आहेत, आणि हिंदुस्थान पाहण्यापूर्वींच त्यानें हिंदुस्थानी गांवांचाहि समाचार घेतला आहे. मद्रासच्या म्हाताऱ्याला त्यानें मलईच्या रंगाच्या गाढवावर बसविलें, आणि कलकत्त्याच्या म्हाताऱ्याला लोणीपाव खातां खातां मफिनचा तुकडा घशांत अडकवून गुदमरविलें.

या पद्यांचें मराठींत रूपांतर करण्याचा प्रयत्न महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतून आम्हीं पुष्कळ वेळां ऐकला आहे, आणि तो फसतांनाहि पाहिला आहे. फसण्याचें कारण मुलांची अक्कल नाहीं. तें भाषेंतच आहे. इंग्रजींत गांवाच्या नांवाशीं यमक जुळविणें ही ओढाताण असते. 'कलकत्ता' आणि 'बटर' यांची गांठ घालतांना कवीची जी त्रेधा होते तीच वाचकाला हंसविते. आमच्याकडे सोलापूर, नागपूर, कोल्हापूर, पंढरपूर सगळीं सारख्याच शेपटीचीं. वाडी म्हटलें कीं शंभर वाड्या धांवून येतात. शिवाय वाक्य क्रियापदावर संपावयाचें, आणि 'गेला', 'मेला', 'केला' ही तर आयती पंगतच. मराठींत यमक जुळवावें लागत नाहीं, चुकवावें लागतें. जेथें अडचण नाहीं तेथें अडचणींतून सुटण्याची मौजहि नाहीं.

अडचण हौसेनें ओढवून घेणारा एक कवि मात्र आमच्याकडे होऊन गेला. मोरोपंतांनीं एकशेंआठ रामायणें लिहिलीं असें सांगतात. त्यांत एक 'निरोष्ठ रामायण' आहे, म्हणजे ज्यांत ओठाला ओठ लागेल असा एकहि वर्ण येऊं द्यावयाचा नाहीं. 'म' हा ओष्ठ्य वर्ण! तेव्हां ज्या रामायणांत रामाचें नांवच घेतां येत नाहीं असें रामायण लिहिण्याची प्रतिज्ञा बारामतीच्या या पंडितानें केली आणि ती तडीस नेली. 'परंतु रामायण' हें दुसरें असेंच. टीकाकार याला शब्दांची कसरत म्हणून नाक मुरडतात. आम्हांस त्यांत लिअरच्या जातीचा एक मनुष्य दिसतो. त्यानें आपली हौस भक्तीच्या शालींत गुंडाळून पुढें केली, म्हणून ती पुराणिकांच्या घरांत राहूं शकली. शालीवांचून तिला कोणी उभें केलें नसतें. भक्ति खरी होती यांत शंका नाहीं, पण एकशेंआठ वेळां तीच कथा निरनिराळ्या बेड्या पायांत घालून सांगावयाची ही खोड नुसत्या भक्तीची नाहीं.

लिअरच्या लहान पद्यांत 'ते' किंवा 'लोक' असा एक समुदाय वरचेवर येतो. व्हाइटहेव्हनचा म्हातारा कावळ्याबरोबर नाचला, तर लोकांनीं त्याचा चेंदामेंदा केला. एकजण घंटा बडवीत बसे, तर लोकांनीं त्यालाहि बडविलें. आल्डस हक्सली यानें १९२३ सालच्या आपल्या निबंधसंग्रहांत असें मत मांडलें कीं, हे 'लोक' म्हणजे लोकमत, चारचौघांची रीत, आणि लिअर हा त्या चारचौघांविरुद्ध विक्षिप्त माणसाचा कैवारी. कल्पना मोठी आकर्षक आहे, व तेव्हांपासून ती टीकाकारांच्या हातोहातीं फिरत आली आहे. परंतु सगळीं पद्यें समोर ठेवून पाहिलीं तर ती निम्मीच टिकते. ऱ्हीम्सच्या म्हाताऱ्याला भयंकर स्वप्नें पडत. तर हेच लोक त्याला झोंप लागूं नये म्हणून केक भरवीत बसतात, आणि म्हातारा खूष असतो. लिअरचे लोक गांवच्या लोकांसारखेच आहेत. एखाद्या दिवशीं टाळकें फोडतील, एखाद्या दिवशीं ताट वाढतील, आणि दोन्हींचें कारण सांगणार नाहींत. त्यांना सामाजिक जुलमाचें प्रतीक केलें कीं पद्याला उद्देश मिळतो, पण पद्य मरतें.

याहून मोठा एक मोह टीकाकारांना पडतो. लिअरला अपस्मार होता, उदासपणाचे लांबलचक झटके येत, लग्न झालें नाहीं, उतारवय परदेशांत सान रेमो येथें एका मांजराच्या संगतींत गेलें. मग काय, हास्याच्या मुखवट्याआड अश्रु, हें ठराविक वाक्य लिहावयास लेखणी सरसावतेच. 'डाँग' नांवाचें त्याचें प्रसिद्ध गीत आहे. जंब्ली लोकांतली एक मुलगी डाँगला सोडून चाळणींत बसून निघून जाते. तिच्या शोधार्थ रात्रीं हिंडतां यावें म्हणून तो झाडाच्या सालीचें एक भलें मोठें नाक विणतो, त्याला तांबडा रंग देतो, आंत दिवा ठेवतो, दोऱ्यांनीं तें डोक्यामागें बांधतो आणि रानावनांतून फिरतो. हें गीत करुण आहे याविषयीं वाद नाहीं. परंतु दुःखच असल्या गीतांचें बीज असतें तर जगांत डाँगांची वाण पडली नसती. दुःख पुष्कळांस असतें, असलें नाक विणणें एकालाच साधलें.

आमच्या मतें त्या गीताचें मूळ दुसरीकडे आहे. लिअर टेनिसनचा मित्र आणि निस्सीम भक्त होता. टेनिसनच्या कविता तो स्वतः चाली लावून पियानोवर गाई. त्या कवितांवर दोनशें चित्रें करण्याचा संकल्प त्यानें वर्षानुवर्षें उराशीं बाळगला, आणि तो सिद्धीस गेला नाहीं. डाँगच्या गीताचा आरंभ वाचावा. घोर अंधार, खडकाळ किनारा, वादळाचे ढग, दूरवर लुकलुकणारा एकाकी प्रकाश. सगळा थाट गंभीर काव्याचा, आणि नाद अस्सल टेनिसनी. मग कळतें कीं, तो प्रकाश नाकाचा आहे. या ठिकाणीं तो टेनिसनचें विडंबन करीत नाहीं. ज्या काव्यावर त्याचें प्रेम होतें त्याचेंच संगीत घेऊन तो एका हास्यास्पद प्राण्याला बहाल करतो, व तें त्याला शोभून दिसतें. आमच्याकडे 'एकच प्याला' नाटकांत गडकऱ्यांनीं हास्य आणि करुण शेजारीं शेजारीं बसविले, पण तळीराम वेगळा व सिंधु वेगळी. डाँगमध्यें तळीराम आणि सिंधु एकाच देहांत आहेत. ही गोष्ट उदास मनुष्याला नव्हे, चाळीस वर्षें एकाच खेळाचा हात राखलेल्या मनुष्यालाच जमते. आणि म्हणून 'मौजेखातर' या शब्दाला कमी लेखण्यास आम्ही तयार नाहीं.

आतां आमच्या अंगणांतली गोष्ट. १८७२ मध्यें हिंदुस्थानास येण्यासाठीं निघालेला लिअर सुएझपर्यंत येऊन परत फिरला. दुसऱ्या वर्षीं मात्र व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक या स्नेह्याच्या निमंत्रणावरून, एकसष्टाव्या वर्षीं, तो नोव्हेंबर १८७३ मध्यें मुंबईस उतरला. बरोबर ज्योर्ज्यो हा त्याचा जुना नोकर. १८७५ च्या जानेवारींत परत जाईपर्यंत त्यानें दार्जिलिंगपासून सिंहलद्वीपापर्यंत देश पाहिला, आणि १८७४ च्या पावसाळ्यांत पुण्यासहि मुक्काम केला. त्याच वर्षीं जुलैमध्यें मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्याचें 'कमरबंद' नांवाचें पद्य छापलें गेलें. एक सुंदर स्त्री आपल्या 'धोबी'वर बसून संध्याकाळचा तारा पाहत आहे. भोंवतीं उंच 'खानसामे' वाढले आहेत. 'खिदमतगारां'च्या वेली लोंबत आहेत. नदींत सोनेरी परांचे 'चपराशी' पोहत आहेत. झाडांच्या शेंड्यांवर हिरव्या 'आया' बसल्या आहेत. लहानसे 'भिस्ती' चिवचिवत आहेत. इतक्यांत 'कमरबंद' नांवाचा अक्राळविक्राळ प्राणी येतो आणि तिला गिळून टाकतो.

लंडनच्या वाचकाला हे शब्द म्हणजे नुसते चमत्कारिक नाद. त्याला खानसामा हें झाड आहे असें सांगितलें तर तें खरें वाटेल. मुंबईच्या साहेबाला हे शब्द रोजच्या हाकेचे. त्याची मौज अशी कीं, आपल्या घरचे नोकर येथें मासे आणि पांखरें झाले आहेत. मराठी वाचकाचें तिसरेंच होतें. त्याला प्रत्येक शब्द आईच्या भाषेइतका जवळचा आहे, आणि ती सुंदरी धोब्यावर बसली आहे हें वाचतांच त्याला तो धोबी दिसतो. निरर्थकाचें पाणी एका क्षणांत आटतें आणि तळाशीं साहेबाच्या बंगल्याची हजेरीपट लागलेली दिसते. 

यांत लिअरच्या मनांत तिरस्कार होता असें आम्हीं म्हणणार नाहीं. मुंबईस पहिल्या दिवशीं रस्त्यांतली माणसें व त्यांचे पोशाख पाहून तो आनंदानें वेडा झाला होता, हें त्याच्या रोजनिशीवरून स्पष्ट दिसतें. शिवाय त्याच्या दृष्टीनें वर्तमानपत्रांत भेटलेला 'स्वातचा अखुंद' हाहि एक गोड शब्दच होता. अखुंद कोण, कसा, उंच कीं ठेंगणा, अशा प्रश्नांचें एक लांब पद्य त्यानें केलें. सरहद्दीवरच्या पठाणांचा तो पूज्य साधुपुरुष असून १८६३ च्या अंबेला येथील लढाईंत इंग्रजांविरुद्ध उभा राहिला होता. १८७७ सालीं तो वारला. प्रश्नांचीं उत्तरें सरकारी दफ्तरांत होतीं. परंतु उत्तर मिळालें कीं पद्य संपलें, म्हणून लिअरला तें नको होतें. येथपर्यंत ठीक आहे. तरीहि ज्यानें पाणी भरलें आणि ज्यानें कपडे धुतले त्याच्या धंद्याचें नांव इतक्या सहज झाडाला अगर माशाला देतां येतें, याचें कारण त्या माणसाचें स्वतःचें नांव विचारण्याची त्या बंगल्यांत चाल नव्हती, हें आम्हांस विसरतां येत नाहीं. काव्य म्हणूनहि 'कमरबंद' हें दुय्यमच. जंब्ली लोकांना शब्दकोश लागत नाहीं. याला लागतो, आणि कोश पाहिल्यावर हातीं कांहीं उरत नाहीं. एक गोष्ट मात्र कौतुकाची आहे. त्या स्त्रीला गिळतो तो ना धोबी, ना भिस्ती. साहेब लोक मेजवानीच्या वेळीं स्वतःच्याच कमरेभोंवतीं जो पट्टा गुंडाळीत त्यानेंच तिला गिळलें. हें लिअरनें जाणून केलें कीं नाद आवडला म्हणून झालें, हें सांगण्याच्या भरीस आम्हीं पडत नाहीं.

कोश पाहून उलगडतें तें कूट. आमच्या संतवाङ्मयांत कूट अभंग व भारुडें यांचें मोठें भांडार आहे. अशक्य गोष्टींची रास, आणि तिच्या पोटांत अध्यात्माची किल्ली; किल्ली लावली कीं सर्व सुसंगत. लिअरच्या कुलपाला किल्लीच नाहीं. त्याच्या अधिक जवळ जातें तें भोंडल्याचें गाणें. बायकोनें केलेल्या करंज्या पाहून त्या होड्या समजून पाण्यांत सोडणारा तो वेडा नवरा आमच्या सर्वांच्या घरीं आश्विनांत येऊन गेलेला आहे. करंजीची होडी आणि जंब्लींची चाळण यांत अंतर तें काय? अंतर आहे, आणि तें महत्त्वाचें आहे. भोंडल्यांतला नवरा वेडा आहे हें गाणें आधींच सांगतें. गाणाऱ्या मुली शहाण्या राहतात. म्हणजे दंडीनें जी वेड्याची सूट दिली तिचाच हा लाभ. लिअर कोणालाच वेडा ठरवीत नाहीं. चाळण बुडत नाहीं. वीस वर्षांनीं जंब्ली परत येतात, उंच होऊन येतात, आणि लोक त्यांना मेजवानी देतात.

विसाव्या शतकांत आमच्याकडे विनोदी पद्य बहरलें तें विडंबनाच्या वाफ्यांत. १९२५ सालीं केशवकुमारांचीं 'झेंडूचीं फुलें' आलीं आणि रविकिरण मंडळाच्या दिवाणखान्यांतले गुलाब थोडे कोमेजले. आत्र्यांचें तें पुस्तक आमच्या पिढीच्या पाठांत आहे. पण विडंबन हें बांडगूळ आहे, आणि झाड वठलें कीं बांडगुळालाहि टिपा लागतात. आजच्या विद्यार्थ्यास त्यांतल्या निम्म्या कवितांचें मूळ सांगावें तेव्हां तो हंसतो, तेंहि सभ्यपणानें. त्याच सुमारास, १९२३ मध्यें, कलकत्त्यास सुकुमार राय यांचा 'आबोल ताबोल' हा संग्रह निघाला. तो बाहेर पडण्याच्या कांहीं दिवस आधीं कवीचा काळाआजारानें अंत झाला होता. हाहि मनुष्य धंद्यानें मुद्रणाचा ठसे करणारा तज्ज्ञ, आणि पद्यांना चित्रें स्वतःच काढणारा. त्या पुस्तकाला टिपा लागत नाहींत. मराठींत ही वाट पुढें विंदा करंदीकरांनीं 'राणीची बाग' व 'एटू लोकांचा देश' या मुलांच्या पुस्तकांत मोकळी केली. तेहि इंग्रजीचे प्राध्यापक, आणि त्यांची गंभीर कविता जड पावलांची. पण या पुस्तकांत त्यांनीं कोणाला शिकविलें नाहीं. पाडगांवकरांनीं 'वात्रटिका' हा शब्द घरोघर नेला खरा. मात्र ती वात्रटिका लवकरच सभासंमेलनांत पुढाऱ्यांस टोले देण्याच्या कामीं लागली, म्हणजे विनोद पुन्हां नोकरीस राहिला. पगार चांगला मिळाला, टाळ्याहि मिळाल्या.

लिअरला टाळ्या उशिरां मिळाल्या. १८८६ च्या फेब्रुवारींत रस्किननें आपल्या आवडत्या शंभर ग्रंथकारांत लिअरला पहिला मान दिला. त्या वेळीं तो सान रेमो येथें आजारी होता, आणि पुष्कळ वर्षें हातीं असलेलें आपलें शेवटचें निरर्थक गीत पुरें करून त्याच्या प्रती स्वतःच्या हातानें लिहून मित्रांस धाडीत होता. त्यांत 'आर्ली' नांवाचा एक काका आहे. तो जन्मभर डोंगरांतून हिंडतो. नाकावर एक रातकिडा बसलेला, टोपींत आगगाडीचें एक तिकीट खोंचलेलें, आणि पायांतले जोडे सदैव आंखूड. त्रेचाळीस वर्षें हिंडून तो घरीं येऊन मरतो, आणि त्याला टोपी, तिकीट व रातकिडा यांसह पुरतात. 'अंकल आर्ली' हे दोन इंग्रजी शब्द रोमन लिपींत शेजारीं शेजारीं लिहिले तर पहिल्याच्या शेवटच्या दोन अक्षरांत आणि दुसऱ्याच्या पहिल्या दोन अक्षरांत 'लिअर' हें नांव सबंध उमटतें. देवनागरींत तें दिसत नाहीं. म्हणून भाषांतरकारानें तेथें काय करावें, याचा आम्ही अद्याप विचार करीत आहों.